दोन देशांचा एक माणूस

होस्टेलवर रात्री अकरानंतर गप्पा रंगल्या की गाडी शेवटी अमेरिकेला जातेच. जीआरई, एमएस, एच-वन, ग्रीन कार्ड आणि मग सिटिझनशिप. या शेवटच्या स्टेशनवर कुणीतरी हमखास सांगतो की, दोन्ही देशांचं नागरिकत्व ठेवायचं, हाय काय अन् नाय काय! अशा वेळी मला एक माणूस आठवतो : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जन्म 7 नोव्हेंबर 1884, गाव वर्धा. 1906 च्या सुमारास हा विशीतला तरुण देश सोडून निघाला. पॅकेज वगैरे डोक्यात नव्हतं. टिळकांपासून प्रेरणा घेतलेली. लष्करी शिक्षण घ्यायचं आणि इंग्रजांना घालवायचं, एवढाच सिलॅबस! आधी जपान, मग अमेरिका. तिथे कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतलं आणि ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात शेतीचं.

तेव्हाची अमेरिका आपल्या लोकांशी कशी वागायची हे वाचून मी थक्क झालो. 1790 च्या कायद्याने नागरिकत्व फक्त गोऱ्यांना मिळायचं. 1870 मध्ये त्यात आफ्रिकन वंशाचे लोक आले, पण आशियाई बाहेरच राहिले. काही हिंदी लोकांना कोर्टातून नागरिकत्व मिळालं खरं, पण 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही असं ठरवलं आणि ज्यांना मिळालं होतं त्यांच्यापैकी अनेकांचं काढून घेतलं गेलं. हे दार पुन्हा उघडलं ते 1946 मध्ये. म्हणजे लाकडाच्या गिरणीत घाम गाळायला आपला माणूस चालायचा, नागरिक म्हणून नको. आणि मायदेशात तरी तो कुठे नागरिक होता? तिथे तो ब्रिटिशांची प्रजा!

त्याच गिरण्यांतल्या पंजाबी मजुरांच्या साथीने 1913 मध्ये गदर पार्टी उभी राहिली. तिच्या संस्थापकांत खानखोजे होते. पहिलं महायुद्ध पेटल्यावर ते इराणात पोचले आणि तिथे इंग्रजांविरुद्ध प्रत्यक्ष लढले. पुढे बर्लिन, मग मॉस्को. तिथे लेनिनशी भेट झाली. पण या सगळ्यात घरची वाट मात्र बंद झाली. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव चढलं होतं.

1924 मध्ये ते मेक्सिकोला गेले. खिशात क्रांती होती, पण पोट भरलं ते शेतीच्या डिग्रीने! चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मका हे तिथल्या गरिबाचं मुख्य अन्न. त्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित जातींवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत जी भित्तिचित्रं काढली, त्यांतल्या एका चित्रात टेबलाशी बसून सगळ्यांसाठी रोटी मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. 1936 मध्ये बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न झालं. दोन मुली झाल्या. परका देश घर झाला.

पुढे भारत स्वतंत्र झाला. 1949 मध्ये मध्य प्रदेश सरकारने बोलावल्यावर ते आले, तर जुन्या काळ्या यादीत त्यांचं नाव अजून तसंच! इंग्रज गेले, रजिस्टर राहिलं. ज्या देशासाठी आयुष्य उधळलं, त्याच्याच दारात अडवणूक. तरीही पन्नाशीच्या दशकात ते कायमचे परतले, नागपूरला राहिले आणि भारताचं नागरिकत्व स्वीकारलं. 22 जानेवारी 1967 ला तिथेच त्यांचं निधन झालं.

आता आपला प्रश्न. राज्यघटनेचं कलम 9 आणि 1955 चा नागरिकत्व कायदा सांगतो की स्वखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. 2005 पासूनचं ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. आयुष्यभराचा व्हिसा मिळतो. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते.

हे मी पाठ केलंय, कारण माझा दादा अमेरिकेत आहे आणि यंदा त्याला तिथलं नागरिकत्व घेता येईल. शिरोळकडे आमचा दीड एकर ऊस आहे. शेजारचा तुकडा विकायला निघालाय आणि वडिलांना तो दादाच्या नावावर हवाय. आईचं म्हणणं वेगळंच : पासपोर्ट जमा केला तर पोरगं आपलं राहील का? वडिलांना कायदा समजावता आला, आईला काय सांगायचं कळेना. शेवटी खानखोजेंची गोष्ट सांगितली. तिने ऐकली आणि विचारलं, त्यांना घरचं जेवण कोण करून घालायचं तिकडं? मला उत्तर देता आलं नाही.

2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मेक्सिकोने त्यांना आपलं मानलं ते तिथल्या शेतात राबले म्हणून. तेव्हा मित्रांनो, जायचं तर खुशाल जा, फॉर्म नीट वाचून सही करा. पण ज्या मातीत राहाल तिथे काहीतरी पेरा. आणि इथल्या मातीचं देणं कोणत्याही फॉर्मवर सरेंडर करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या!

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)