नोंदवहीतील फ्लॉरेन्स नाइटिंगेल

खासगी बाजारातील आमच्या वाचकांना क्रमिक पुस्तकातील, हाती दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचित आहेत. ग्रंथालयाच्या स्मरणिकेत मात्र त्यांच्या नोंदवहीची आठवण अधिक शोभेल.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आकड्यांची आवड बालपणापासूनची. घरच्यांचा विरोध पत्करून त्या रुग्णसेवेकडे वळल्या. नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियन युद्ध चालू असता, ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथील घाणीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याहून विलक्षण प्रकार असा की, मृतांची नोंद तीन ठिकाणी होई आणि तिन्ही आकडे निराळे असत. किती गेले हेच ठाऊक नसेल, तर कशाने गेले याचा शोध कोणी घ्यावा?

मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साह्याने त्यांनी हा गुंता सोडविला. शत्रूच्या शस्त्रांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी १८५८ साली रंगीत आकृत्यांनी दाखविले. १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते मांडले गेले, ते त्यांचेच. वर्षारंभी रुग्ण किती, नवे किती, बरे किती, मृत किती, सरासरी मुक्काम किती, अशी ती मांडणी होती. परिषदेने ती उचलून धरली, लंडनच्या काही रुग्णालयांनी वापरूनही पाहिली. पण तक्ते किचकट, रोगांच्या वर्गीकरणावर मतभेद, त्यामुळे योजना मागे पडली. हे अपयश चरित्रकारांनी लपवू नये.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली आयोग नेमला गेला, तेव्हा बहुतेक काळ अंथरुणास खिळलेल्या नाइटिंगेलबाईंनी छावण्यांकडे प्रश्नावली धाडविली. आपले मुरार तेव्हा इंग्रजांचीच छावणी होते. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे मृत्यू दर हजारी ६९ निघाले. पुढे पाणी, गटारे, बराकी यांत सुधारणा होत गेल्या आणि दहा वर्षांनी हा आकडा १८ वर आला. अर्थात ही गणती मुख्यतः पलटणींची. गावातील रयत तीत कोठे? ते बाईंनाही खुपले असावे. पुढे त्या दुष्काळ, कालवे आणि खेड्यांचे आरोग्य यांवर लिहू लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, लेखन थांबले. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. समाधीवर त्यांच्यापुरती नोंद आहे ती नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, एवढीच.