ऋणमुक्तीची साक्षीदार वास्तू : सर वॉल्टर स्कॉट

स्कॉटलंडमध्ये मेलरोज गावानजीक, ट्वीड नदीच्या तीरावर ‘अ‍ॅबट्सफर्ड’ ही दगडी वास्तू उभी आहे. थोर कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचे हे निवासस्थान. तिचा इतिहास म्हणजे शब्दाला जागलेल्या एका पुरुषाचे चरित्रच होय.

स्कॉट यांचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरा येथे झाला. बालपणीच्या आजारात त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. प्रकृती सुधारावी म्हणून आजोबांच्या शेतावर ठेवले असता सीमाभागातील लोकगीते व शौर्यकथा त्यांच्या कानी पडल्या. पुढे न्यायखात्यातील पद सांभाळून त्यांनी काव्यात कीर्ती मिळवली. १८११ मध्ये त्यांनी ट्वीडकाठचे शेत खरेदी केले. १८१४ साली ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. तिच्या व पुढील कादंबऱ्यांच्या उत्पन्नातून १८२४ पर्यंत हा वाडा व त्यातील समृद्ध ग्रंथालय साकार झाले.

मात्र न लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या भरवशावर आगाऊ रकमा उचलून जमिनी घेणे हा त्यांचा व्यवहार धोक्याचा होता. छापखान्यात त्यांची गुप्त भागीदारी होती आणि छापखाना व प्रकाशक यांनी परस्परांच्या हुंड्यांची हमी घेतली होती. १८२६ च्या प्रारंभी दोन्ही पेढ्या बुडाल्या. स्कॉट यांच्या शिरावर सुमारे १,२०,००० पौंडांचे देणे आले.

नादारीचा मार्ग खुला होता, मित्रही साहाय्यास सिद्ध होते. स्कॉट यांनी दोन्ही नाकारले. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवून लेखणीच्या कमाईतून पै न् पै फेडण्याचे त्यांनी मान्य केले. एडिंबरा येथील घर विकले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी निवर्तली. तरीही लेखन थांबले नाही. १८२७ मध्ये नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र प्रसिद्ध झाले. १८३० मध्ये धनकोंनीच कृतज्ञतेने त्यांचे ग्रंथ व घरसामान त्यांना परत केले.

अतिश्रमाने देह खचला. २१ सप्टेंबर १८३२ रोजी याच वास्तूत त्यांनी देह ठेवला. पुढे विम्याची रक्कम व ग्रंथांचे स्वामित्वहक्क यांतून उर्वरित कर्जही फिटले.

१८३३ पासून ही वास्तू लोकांना खुली असून आज एक न्यास तिची देखभाल करतो. आपले हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमागेही स्कॉट यांची प्रेरणा सांगितली जाते. व्यापाऱ्याला मात्र त्यांच्या चरित्रातून दोन धडे मिळतात : हमीची सही करण्यापूर्वी दहादा विचार करावा, आणि सही केल्यावर ती प्राणपणाने पाळावी.