वडिलांची वसियत आणि पाटण्याचे ग्रंथालय

आपल्या समाजात शाळा काढण्याची तळमळ आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. शाळेबरोबर कधी कधी वाचनालयही निघते. उद्घाटन होते, हारतुरे होतात, लोक घरची पुस्तके आणून देतात आणि दोन कपाटे भरतात. पुढे काय होते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी असेच एक बंद कपाट माझ्यासमक्ष उघडण्यात आले. पुस्तकांना वाळवी लागलेली होती. ज्या सद्गृहस्थांनी ती दिली ते हयात नव्हते. पुस्तके कोणती होती याची यादी नव्हती आणि किल्ली कोणाकडे असावी याचाही कधी ठराव झालेला नव्हता. दोष कोणा एकाचा नव्हता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा विचार करून ठेवायला हवा, हे कोणाच्या मनातच आले नव्हते.

तेव्हापासून मला एका थोर पुरुषाचे चरित्र वारंवार आठवते. त्यांचे नाव खानबहादूर मौलवी खुदाबक्ष. पाटणा शहरात गंगेच्या काठी त्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. १८९१ साली जनतेसाठी खुले झालेले हे ग्रंथालय आजही चालू आहे. ते इतकी वर्षे कसे टिकले, हे विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी समजून घेण्यासारखे आहे.

खुदाबक्ष यांचा जन्म २ ऑगस्ट १८४२ रोजी बिहारमधील सध्याच्या सिवान जिल्ह्यात झाला. त्यांचे वडील मौलवी मुहम्मदबक्ष पाटण्यात वकिली करीत. घराणे विद्याप्रेमी होते, पण श्रीमंत नव्हते. मुहम्मदबक्ष यांना जुन्या हस्तलिखित ग्रंथांचा मोठा नाद. मिळकतीतून जे उरेल ते ग्रंथखरेदीत जाई. वडिलोपार्जित सुमारे ३०० हस्तलिखितांत भर घालून त्यांनी तो संग्रह सुमारे १४०० पर्यंत नेला.

खुदाबक्ष यांचे शिक्षण पाटण्यात आणि नंतर कलकत्त्यात झाले. पुढे वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि घरचा सारा भार तरुण खुदाबक्षांवर पडला. त्यांनी जिल्हा न्यायाधीशांच्या कचेरीत पेशकाराची नोकरी धरली. ती सोडल्यावर काही काळ शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून काम केले. नोकरी सांभाळून कायद्याचा अभ्यास चालूच ठेवला आणि १८६८ साली वकिली सुरू केली. बुद्धी तीव्र, स्मरणशक्ती दांडगी आणि परिश्रमाची तयारी. थोड्याच वर्षांत पाटण्याच्या नामांकित वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. १८८० मध्ये ते सरकारी वकील झाले.

१८७६ साली मुहम्मदबक्ष यांचे निधन झाले. मृत्युशय्येवर त्यांनी मुलाजवळ जी इच्छा व्यक्त केली, ती जमीनजुमल्याविषयी नव्हती. हा ग्रंथसंग्रह वाढवावा आणि ऐपत येईल तेव्हा तो सर्वसाधारण जनतेसाठी खुला करावा, एवढीच ती वसियत होती. तो काळ ध्यानात घ्या. १८५७ नंतर मुसलमान समाज खचलेला होता. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली होती. १८७५ मध्ये सर सय्यद अहमदखान यांनी अलीगढला मदरसा उघडला होता. समाज नुकताच कुठे शिक्षणाकडे वळत होता. अशा वेळी एका वकिलाने मुलाकडून सार्वजनिक ग्रंथालयाचे वचन घेतले.

हे वचन पुरे करण्यास खुदाबक्ष यांना पंधरा वर्षे लागली. घाई करून दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरावर पाटी लावली नाही. प्रथम संग्रह वाढविला. मुहम्मद मक्की नावाच्या एका अरब गृहस्थाला त्यांनी दरमहा पन्नास रुपयांवर नेमले होते, असे सांगतात. अठरा वर्षे हा गृहस्थ अरबस्तान, सीरिया, इजिप्त, इराण या देशांत हिंडून त्यांच्यासाठी दुर्मिळ ग्रंथ मिळवीत राहिला. पाटण्यास हस्तलिखित घेऊन येणाऱ्या विक्रेत्याला ते प्रवासखर्चही देत. त्यामुळे देशातील ग्रंथविक्रेते प्रथम त्यांच्याकडे धाव घेत. एकदा त्यांच्याच संग्रहातील काही उत्तम ग्रंथ एका जुन्या पुस्तकबांधणी करणाऱ्याने चोरून लाहोरच्या दलालाकडे पाठविले. दलालाने चांगले गिऱ्हाईक म्हणून ते खुदाबक्षांनाच विकावयास काढले आणि चोरी उघडकीस आली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे.

संग्रह चार हजार हस्तलिखितांपर्यंत गेला. त्याच्या जोडीला त्यांनी सुमारे ऐंशी हजार रुपये खर्चून दुमजली इमारत बांधली. त्या काळी ऐंशी हजार म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना पालकांना सहज येईल. स्वतःसाठी हवेली बांधता आली असती, पण तो पैसा पुस्तकांच्या घरासाठी गेला.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. १८९१ साली त्यांनी रीतसर दानपत्र केले. इमारत आणि सारा संग्रह जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केला आणि ही हस्तलिखिते पाटण्याबाहेर नेता येणार नाहीत, अशी अट घातली. ते स्वतः कायदेपंडित होते. आपल्या माघारी वारसांत वाटणी होईल, कोणी मोठा खरेदीदार येईल, कोणी अधिकारी संग्रह दुसऱ्या शहरी हलवू पाहील, हे सारे त्यांनी आधीच ओळखले होते. ब्रिटिश म्युझियमकडून मोठ्या रकमेची मागणी आली तरी त्यांनी ती नाकारली. ऑक्टोबर १८९१ मध्ये बंगाल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर चार्ल्स एलियट यांच्या हस्ते ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. बिहार त्या वेळी बंगाल प्रांतातच होता.

१८९५ च्या सुमारास खुदाबक्ष यांना निजामाच्या हैद्राबाद राज्यातील हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीशपद मिळाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तेथे ते सुमारे तीन वर्षे होते. त्या मोठ्या पदावर असतानाही पाटण्याचे ग्रंथ त्यांच्या मनातून गेले नाहीत. संग्रहातील ग्रंथ आणि ग्रंथकार यांची माहिती देणारे ‘महबूब-उल-अल्बाब’ हे फारसी पुस्तक त्यांनी स्वतः लिहिले व ते हैद्राबादेत छापले गेले. यादीशिवाय ग्रंथालय म्हणजे पत्त्याशिवाय गाव, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ग्रंथालय पाहिले आणि शास्त्रशुद्ध ग्रंथसूची तयार करण्यास चालना मिळाली. मौलवी अब्दुल मुक्तदिर यांनी तयार केलेला सूचीचा पहिला खंड १९०८ मध्ये निघाला.

आता या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खुदाबक्ष यांनी ग्रंथांचा विचार केला, इमारतीचा केला, कायद्याचा केला. स्वतःच्या उतारवयाचा मात्र केला नाही. हैद्राबादेहून परतल्यावर वडिलांप्रमाणे त्यांनाही अर्धांगवायूने गाठले. वकिली सुटली. मिळविलेले सारे ग्रंथांत गेलेले होते आणि कर्ज झाले होते. अखेर कर्ज फेडण्यासाठी सरकारने त्यांना आठ हजार रुपये मंजूर केले आणि ग्रंथालयाचे सचिव म्हणून दरमहा दोनशे रुपये ठरवून दिले. ज्या घराला त्यांनी आपले सर्वस्व दिले, त्याच घराच्या वेतनावर त्यांचे अखेरचे दिवस गेले. ३ ऑगस्ट १९०८ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. ग्रंथालयाच्या आवारातच त्यांची कबर आहे.

त्यांच्या कष्टांचे फळ पुढच्या पिढ्यांना मिळाले. पाटणा कॉलेजात प्राध्यापक असलेले इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी या ग्रंथालयातील फारसी साधनांचा अभ्यास केला. औरंगजेबाचा इतिहास आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेले शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तक यांमुळे सरकार महाराष्ट्रात सुपरिचित आहेत. तैमूर घराण्याचा सचित्र इतिहास सांगणारे ‘तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया’ हे अकबरकालीन हस्तलिखित जगात फक्त याच ठिकाणी आहे. २०११ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. १९६९ मध्ये संसदेने कायदा करून या ग्रंथालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. चार हजारांचा संग्रह आज एकवीस हजारांच्या आसपास हस्तलिखितांवर गेला आहे.

बंधूभगिनींनो, आपल्यापैकी कोणाजवळ ऐंशी हजारांची इमारत बांधण्याची ऐपत असो वा नसो, खुदाबक्ष यांनी जे केले त्यातील पुष्कळसे दोन कपाटांच्या वाचनालयालाही करता येते. पुस्तके कोणाच्या मालकीची आणि ती कोठे राहतील, याचा लेखी ठराव करावा. प्रत्येक पुस्तकाची नोंदवहीत नोंद करावी. किल्लीची जबाबदारी एका माणसाच्या नावाने असावी व तो गेल्यास दुसरा कोण, हेही लिहून ठेवावे. आणि जे खुदाबक्ष यांना स्वतःपुरतेही जमले नाही ते आपण करावे. दरवर्षी थोडी तरी रक्कम बाजूला टाकून वाचनालयाचा कायम निधी उभारावा, म्हणजे एका माणसाच्या खिशावर किंवा तब्येतीवर संस्था अवलंबून राहणार नाही.

विद्यार्थीमित्रांनो, मुहम्मदबक्ष यांनी आपल्या मुलाला पुस्तके दिली आणि त्यांबरोबर एक जबाबदारी दिली. मुलाने ती पंधरा वर्षे मनात बाळगून पुरी केली. उद्या तुम्ही शिकून नोकरीधंद्याला लागाल, कोणी वकील व्हाल, कोणी शिक्षक, कोणी परदेशी जाल. त्या वेळी आपल्या मोहल्ल्यातील ते कपाट उघडे आहे की बंद, याची चौकशी करायला विसरू नका.