लाटांवरील स्वार – ड्यूक काहानामोकू

प्रशांत महासागराच्या मध्यभागीं हवाई नांवाचा द्वीपसमूह आहे. बारमास उबदार हवा, नारळीचीं झाडें आणि किनाऱ्याकडे अखंड धांवत येणाऱ्या लाटा यांमुळें तेथें जगाच्या अनेक भागांतून लोक सुटी घालविण्यास जातात. कोणी पोहतात, कोणी एका बाजूस उलांडी बांधलेल्या होड्या वल्हवितात, तर कोणी लांब फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा खेळ शिकतात. ह्या शेवटच्या खेळास जगभर मान मिळवून देणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थि-वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

ड्यूक पाओआ काहानामोकू याचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजीं होनोलुलू येथें झाला. ‘ड्यूक’ ही त्याची पदवी नव्हे. १८६९ सालीं इंग्लंडचा राजपुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो हा त्या बेटांस भेट देऊन गेला. त्याच्या स्मरणार्थ हें नांव प्रथम बापास मिळालें व बापाकडून तें मुलाकडे आलें. बाप पोलिसखात्यांत नोकरीस होता. ड्यूकचें बालपण वाइकीकीच्या किनाऱ्यावर गेलें व त्याचें बरेंचसें शिक्षण समुद्रांतच झालें. लाटेवर स्वार होण्याची विद्या त्याच्या पूर्वजांची होय. परंतु एकोणिसाव्या शतकांत परक्यांबरोबर आलेले रोग आणि बदललेले आचार यांमुळें ती लोपत चालली होती. ती पुन्हां जागविणाऱ्या तरुणांत ड्यूक अग्रणी होता.

११ ऑगस्ट १९११ रोजीं होनोलुलूच्या बंदरांत पोहण्याच्या शर्यती झाल्या. त्यांत ड्यूकनें १०० यार्डांचें अंतर ५५.४ सेकंदांत तोडिलें आणि त्या वेळचा उच्चांक एकदम ४.६ सेकंदांनीं मागें टाकला. अमेरिकेंतील क्रीडामंडळाच्या चालकांस ही गोष्ट खरी वाटेना. घड्याळें चुकलीं असावींत, बंदरांतील प्रवाहाचें साह्य झालें असावें, अशा शंका काढून त्यांनीं तो विक्रम नामंजूर केला. ऐन विशींतील तरुणाचें मन अशा वेळीं कडू होणें साहजिक होतें. पण ह्या शंकांचें उत्तर त्यानें पाण्यांतच दिलें. पुढच्याच वर्षीं, १९१२ सालीं, स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरच्या शर्यतींत त्यानें सुवर्णपदक जिंकलें. महायुद्धामुळें १९१६ चे सामने भरले नाहींत. तरी १९२० सालीं अँटवर्प येथें त्यानें तें पद पुन्हां मिळविलें. १९२४ सालीं पॅरिस येथें तरुण जॉनी वाइसमुलर पहिला, ड्यूक दुसरा व ड्यूकचा धाकटा भाऊ सॅम्युएल तिसरा आला.

जेथें जेथें तो गेला, तेथें तेथें त्यानें आपल्या बेटांचा खेळ नेला. १९१४ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियांत गेला असतां त्यानें तेथेंच पाइनचें लांकूड तासून फळी तयार केली, आणि सिडनीजवळील फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लाटांवरील स्वारी लोकांस दाखविली. ती फळी तेथें अद्याप जतन करून ठेविली आहे.

परंतु त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा दिवस कोणत्याहि शर्यतीचा नव्हता. १४ जून १९२५ रोजीं कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्टच्या समुद्रांत ‘थेल्मा’ नांवाची मासेमारीची नौका प्रचंड लाटांनीं उलथली. तींत २९ माणसें होतीं. ड्यूक त्या वेळीं किनाऱ्यावर होता. आपली फळी घेऊन तो त्या खवळलेल्या पाण्यांत शिरला, बुडणाऱ्यांस फळीवर ओढून किनाऱ्यास आणूं लागला आणि पुनःपुन्हां परत गेला. त्या दिवशीं सतरा जीव गेले. बारा वांचले, आणि त्यांपैकीं आठांस एकट्या ड्यूकनें वांचविलें. खेळण्याची फळी हें जीवरक्षकाचेंहि साधन होऊं शकतें, हें लोकांस तेव्हां स्पष्ट दिसलें.

कीर्ति मिळाली तरी द्रव्य मिळालें नाहीं. पोटासाठीं त्यानें नाना कामें केलीं, बोलपटांत लहानसहान भूमिकाहि केल्या. पुढें तो अनेक वर्षें होनोलुलूचा शेरीफ होता. २२ जानेवारी १९६८ रोजीं त्याचा अंत झाला व त्याची रक्षा वाइकीकीच्या समुद्रांतच विसर्जित करण्यांत आली. २०२१ सालीं टोकियो येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत लाटांवरील स्वारीस प्रथमच स्थान मिळालें; तें पाहण्यास मात्र तो उरला नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, १९११ सालीं ड्यूकचा वेग घड्याळानें मोजला, तरी लोकांनीं तो मानला नाहीं. १९२५ सालीं त्याच्या हातीं घड्याळ लावणारा कोणी नव्हता. पण आठ कुटुंबांस त्या कामगिरीचें मोल पुरतें ठाऊक होतें. आपणांपैकीं जे विहिरींत, नदींत किंवा खाडींत पोहण्यास शिकले आहेत, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पदक मिळो वा न मिळो, अंगीं बाणलेलें कौशल्य दुसऱ्याचा जीव वांचविण्याच्या कामीं आलें, म्हणजे तें सार्थकीं लागलें.