विठ्ठलराव विखे पाटील : मळीच्या टाकीचे मालक

पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, हे आता शहरातील वाहनधारकालाही ठाऊक झाले आहे. पुढची चर्चा हरित हायड्रोजनची आहे. शेतातून आणि उन्हा-वाऱ्यातून निघणाऱ्या या इंधनाची मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र जुना आहे. इंधनाचा विचार मनात नसताना ज्यांनी त्याचे एक उत्तर शोधले, ते लोणीचे विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील. त्यांचा जन्म नारळी पौर्णिमेचा. महाराष्ट्रात हा दिवस शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. त्यांची खरी शाळा भरली ती सावकाराच्या ओट्यावर. १९२३ मध्ये त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी उभी केली. त्याच काळात भंडारदऱ्याचे धरण पूर्णत्वास गेले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला. पण पाणी आले म्हणून पैसा आला असे झाले नाही. गुळाचे भाव कोसळले की बागायतदार कर्जात बुडे. परिसरातील साखर कारखाने खासगी होते. ऊस शेतकऱ्याचा असला, तरी साखर कंपनीची होती आणि साखरेनंतर उरणारी मळी व चिपाडही कंपनीचेच. कच्चा माल पिकवणाऱ्याला पक्क्या मालात वाटा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर बागायतदारांचा स्वतःचा कारखाना असावा, या विचाराने मूळ धरले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्याला शास्त्रीय बैठक दिली, तर वैकुंठभाई मेहता यांनी मुंबई सरकारात पाठबळ दिले. भागभांडवल जमवण्याचे जिकिरीचे काम विठ्ठलरावांच्या वाट्याला आले. जो शेतकरी बियाण्यासाठी कर्ज काढतो, तो न दिसणाऱ्या कारखान्यासाठी पैसे का देईल? गावोगाव फिरून, ओळखीपाळखीचा आणि स्वतःच्या शब्दाचा आधार घेऊन त्यांनी ते जमवले. गाडगीळ अध्यक्ष आणि विखे पाटील उपाध्यक्ष अशी जोडी ठरली, औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरानगरचे धुराडे पेटले. गाडगीळांसारख्या विद्वानाला अध्यक्षपद देऊन स्वतः मागे राहण्याचा शहाणपणा आजच्या सहकारसम्राटांत अभावानेच आढळेल.

हा कारखाना आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून गौरवला जातो. काटेकोर बोलायचे तर आंध्रातील एटिकोप्पाका येथे त्याआधीच सहकारी तत्त्वावर साखर तयार होत होती. पण प्रवरेचे मोल अग्रक्रमात नाही. तेथून महाराष्ट्रभर कारखान्यांची रांग लागली, यात ते आहे. १९६१ मध्ये पंडित नेहरूंनी प्रवरानगरला भेट दिली आणि त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था सुरू झाली. कारखान्याच्या आवारात पुढे मद्यार्क प्रकल्पही आला.

एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. एक टन मळीतून सुमारे सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळते. अल्कोहोल मोटारीत चालते, हे तेव्हाही ठाऊक होते. केंद्राने १९४८ मध्येच पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. मात्र १९६१ च्या नियंत्रण आदेशानंतर मळीचा दर आणि वाटप सरकारच्या हाती गेले. टाकी शेतकऱ्याची, पण तिची तोटी सरकारची! केंद्राचे हे नियंत्रण उठले ते १९९३ मध्ये. विठ्ठलराव १९८० मध्येच निवर्तले होते. २००१ मध्ये मनमाड आणि मिरज येथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रयोग सुरू झाले, ते त्यांना पाहता आले नाहीत.

त्यांच्या उत्तराला मर्यादा होती. ते कालव्याकाठचे उत्तर होते. तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या जिरायती शेतकऱ्याकडे ऊस नव्हता, म्हणून शेअरही नव्हता. ऊस पाणीही भरमसाट पितो. दुष्काळी जिल्ह्यात त्यावर इंधनाचा सगळा भार टाकणे परवडणारे नाही.

हायड्रोजनचे गणित येथे वेगळे पडते. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत शेतातील अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र विकसित झाले आहे. त्याला काडीकचरा पुरतो. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवायचा, तर किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट वीज हवी. पाणीही लागते, पण उसाच्या मानाने अगदीच थोडे. ही वीज उन्हा-वाऱ्याची असेल, तर कालव्याला वंचित असलेला माळच भांडवल ठरतो. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या मोहिमेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचे आहे. पारनेर तालुक्यात सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरू लागल्याला दोन दशके उलटली. त्या कंपन्यांनी उभारलेल्या आहेत. उद्या तेथे हायड्रोजनची टाकी उभी राहिली, तर खालच्या गावांतील जिरायतदाराच्या नावावर तिचा एखादा शेअर असेल का, हे अजून कोणी विचारायला निघालेले दिसत नाही.