खराटा हाती घेणारे संत गाडगेबाबा



आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ संत होऊन गेले. कुणाच्या हाती वीणा होती, कुणाच्या हाती टाळ. पण एका संताच्या हाती खराटा होता. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. आईचे नाव सखूबाई. वडील दारूपायी लवकर वारले. मग आई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुरे गावी आली. मामाकडे डेबू गुरे राखायचा, शेतात राबायचा. शाळेत काही त्याला जाता आले नाही.

१९०५ साली डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका हातात गाडगे, दुसऱ्या हातात खराटा. त्या गाडग्यातच ते भाकरी खायचे आणि पाणी प्यायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की बाबा आधी रस्ते झाडायला लागत. गटारे साफ करत, घाण उचलत. गावकरी नुसते बघत राहायचे. रात्री कीर्तनाला गेले की कळायचे, अरे, सकाळी झाडणारा तो हाच! कीर्तनात बाबा साधे साधे प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तरे काढून घेत. दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हे ते पटवून देत.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी मात्र साधी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला जाताना वाटेतच, वलगावजवळ, त्यांनी देह ठेवला. पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

बाबा कुठल्याच गावात फार दिवस राहत नसत. एकदा गाव झाडून दाखवायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. ते गेल्यावर रस्ता स्वच्छ ठेवायचे काम गावाचेच होते.

आपल्या कुरकुंभचेही तसेच आहे. बाबांच्या जयंतीला एक दिवस झाडून भागत नाही. बाबांच्या काळी घरातला कचरा म्हणजे राख, शेण, पालापाचोळा. तो उकिरड्यात कुजून त्याचे खत व्हायचे. आता त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पुड्यांचे कागद आले. ते कुजत नाहीत. गुरांनी खाल्ले तर पोटात अडकतात, जाळले तर विषारी धूर होतो. नुसता खराटा आता पुरत नाही, कचरा घरातच निवडावा लागतो.

म्हणून घरी दोन बादल्या ठेवू या. भाजीची देठे, साली, खरकटे एकीत. प्लॅस्टिक, काच, पत्रा दुसरीत. ओला कचरा परसातल्या खड्ड्यात टाकायचा, वर शेण आणि माती पसरायची, अधूनमधून पाणी शिंपडायचे. तीन-चार महिन्यांत चांगले खत तयार होते. सुका कचरा गोळा करून भंगारवाल्याला किंवा ग्रामपंचायतीकडे द्यायचा.

बाबांना हार घालायला वर्षातून एक दिवस मिळतो. बादल्या मात्र रोज भरतात. पालकहो, घरी गेल्यावर आम्ही दोन बादल्या मागू, तेव्हा नाही म्हणू नका.