शस्त्रक्रियेनंतरचे हात : मिरजेचे डॉ. वॉनलेस

वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स रुग्णालय आपल्या जिल्ह्यातील जुन्या मंडळींना चांगले ठाऊक आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या या रुग्णालयात डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी रुग्णसेवा केली. याच मिशनचे मोठे रुग्णालय घाटावर, मिरजेत होते. ते उभे करणारे डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस.

त्यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यू यॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते भारतात आले. सांगलीत त्यांनी छोटा दवाखाना थाटला आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता. साहजिकच अनेकांच्या मनात शंका होती. ती कमी झाली ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी. आंधळा म्हणून हात धरून आणलेला माणूस स्वतःच्या पायांनी घरी परतू लागला.

मात्र त्या काळी अशा शस्त्रक्रियेत निम्मे यश नंतरच्या शुश्रूषेवर अवलंबून असे. डोळ्याची जखम टाके न घालता भरून यायची. त्यासाठी रुग्णाला कित्येक दिवस डोके न हलवता पडून राहावे लागे. त्याला भरवणे, स्वच्छ ठेवणे, पट्टी बदलणे, जखम चिघळू न देणे हे सारे दुसऱ्या कोणीतरी करायचे. प्रतिजैविके नव्हतीच, स्वच्छता हेच औषध. डॉक्टर कितीही कुशल असला, तरी रात्रभर रुग्णापाशी तो थांबणार कसा?

म्हणूनच १८९७ मध्ये मिरजेत वैद्यकीय शिक्षणाबरोबर परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. परक्याचे मलमूत्र काढणे, कोणत्याही जातीच्या माणसाला स्पर्श करणे हे काम तेव्हा समाजात हलके मानले जाई. या कामात आलेल्या पहिल्या मुली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांतल्या होत्या. शिकलेल्या मुलीने रुग्णसेवा करणे यात कमीपणा नाही, हे त्यांनी कामातून दाखवले.

पुढे कुष्ठरुग्णांसाठी आश्रम झाला आणि १९२० मध्ये सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. क्षयावर परिणामकारक औषध तेव्हा नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ मध्ये. तोवर विश्रांती, सकस आहार, मोकळी हवा आणि पुन्हा शुश्रूषा, एवढाच आधार होता. त्या परिसराला लोकांनी वॉनलेसवाडी म्हटले.

१९२८ मध्ये वॉनलेस यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे मिरजेत काम थांबले नाही, कारण ते एकट्याच्या हातांवर उभे नव्हते. आजही शस्त्रक्रिया ठरवताना आपण डॉक्टरचे नाव विचारतो. रात्रपाळीला किती प्रशिक्षित परिचारिका असतात, हेही तितक्याच आवर्जून विचारायला हवे.